वहीत नोंद आहे का?

पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून चालत पाच मिनिटांवर एका प्रकाशन संस्थेत मी ३१ वर्षं काम केलं. सुरुवात मुद्रितं तपासण्यापासून झाली आणि शेवटची १४ वर्षं आलेल्या हस्तलिखितांची आवक-जावक वही माझ्याकडे होती. या सदरासाठी येणारी पत्रं मी त्याच सवयीने नोंदवते: तारीख, गाव, प्रश्न, उत्तर दिलं की नाही. या महिन्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देते आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. १९८६ पासून कथा लिहितो. दिवाळी अंक आणि रविवारच्या पुरवण्या मिळून ३७ कथा छापून आल्या. काही कात्रणं पत्र्याच्या पेटीत आहेत, काहींच्या झेरॉक्स आहेत. दहा-बारा कथा गावातल्या डीटीपीवाल्याने टाइप केल्या होत्या, त्या फाइल आता उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. संग्रह काढायचा आहे. सुरुवात कुठून करू?
— निवृत्त शिक्षक, नांदेड जिल्हा

गुरुजी, सुरुवात पेटीपासूनच करा, पण कथा वाचायला बसू नका. वाचायला बसलात की पहिल्याच कथेत दुरुस्त्या सुरू होतील आणि सगळा पावसाळा तिच्यात जाईल. आधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक कथेला एक पान द्या. त्यावर कथेचं नाव, लिहिल्याचं वर्ष, कुठल्या अंकात कुठल्या साली छापली, अंदाजे शब्द किती, आणि आज ती तुमच्याकडे कशात आहे, कात्रण की झेरॉक्स की फाइल, एवढं लिहा. खाली एक ओळ मोकळी सोडा: ‘छापलेला मजकूर आणि माझा मजकूर एकच आहे का?’ ही ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दिवाळी अंकात पानं कमी पडली की संपादक कथा कापतात, तीही बहुतेक शेवटाकडून. आमच्याकडे एका लेखकाने कात्रणांवरूनच संग्रह दिला. एक हजार प्रती छापून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की एका कथेचा शेवट अंकवाल्यांनी कापलेलाच पुस्तकात गेला. मूळ वही त्यांच्या घरी, कपाटात होती.

फाइलची काळजी करू नका, मजकूर बहुधा शाबूत आहे. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. तो फॉन्ट संगणकावर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तेव्हा उद्याच त्या डीटीपीवाल्याकडे जा आणि फॉन्टचं नेमकं नाव विचारून वहीत लिहा. श्रीलिपी होती, कृतिदेव होता की आणखी काही? नाव कळलं की मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा रूपात, बदलून घेता येतो. बदलल्यावर मात्र तुमची खरी कसोटी आहे. रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांचे हाल होतात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. एकट्याने हे होत नाही, कारण लेखकाचा डोळा चुकलेलं अक्षरसुद्धा बरोबर वाचतो.

हक्कांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. अंकात कथा छापून आली म्हणून ती अंकवाल्यांची होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मानधनाच्या पावतीवर किंवा एखाद्या पत्रावर तुम्ही तशी सही केली होती का, तेवढं आठवून पाहा. सही नसेल तर कथा तुमच्याच. संग्रहात ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून अंकाचं नाव आणि वर्ष मात्र जरूर द्या. त्यासाठी ही वहीच उपयोगी पडेल.

आता निवड. ३७च्या ३७ घेऊ नका. डेमी आकाराच्या, म्हणजे नेहमीच्या कथा-कादंबऱ्यांच्या पुस्तकाएवढ्या, पानात साधारण अडीचशे शब्द मावतात, म्हणजे ४०,००० शब्दांचं पुस्तक १६० पानांचं होतं. छपाई फर्म्याने होते, फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली १६ पानं, त्यामुळे १६० म्हणजे पुरे १० फर्मे. १६३ पानं झाली तर तीन पानांसाठी अकरावा फर्मा चढतो, आणि प्रकाशक तुमच्याशी त्या तीन पानांवरून भांडेल. तुमच्या १२ ते १४ कथांत एवढा मजकूर होईल. आवडत्या कथा कोणत्या हे स्वतःला विचारण्यापेक्षा शेजारी शेजारी ठेवल्यावर एकमेकींना धरून राहणाऱ्या कोणत्या, ते पाहा. उरलेल्या वहीत सुखरूप आहेत, त्यांची पाळी येईल.

आणि कृपा करून मूळ कागद कुणालाही देऊ नका. १९९७ साली कोकणातल्या एका पोस्टमास्तरांची ३४० पानांची हस्तलिखित कादंबरी आमच्याकडे आली. ती एकमेव प्रत होती. आमचं ऑफिस त्या वर्षी दुसऱ्या वाड्यात हललं आणि ते बाड सापडेनासं झालं. माझ्या वहीत त्याची आवक होती, जावक नव्हती. म्हणजे ते आमच्याकडेच हरवलं होतं, आणि ती जबाबदारी माझीही होती. त्यांचं दर दिवाळीला पत्र यायचं, ‘सापडल्यास कळवावे’. सहा वर्षं आलं, मग थांबलं. ती कादंबरी पुन्हा लिहिली गेली नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, मजकूर तीन ठिकाणी हवा: एक घरात कागदावर, एक स्वतःच्याच ई-मेलवर, एक दुसऱ्या घरात पेनड्राइव्हवर. फाइलच्या नावात ‘फायनल’ हा शब्द नको. तारीख घाला, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे सगळ्यांत नवी कोणती हे फाइलच सांगते.

मी परिचारिका आहे. रात्रपाळीनंतर लिहून कादंबरी पुरी केली. एका प्रसूतिकक्षातल्या एका पावसाळ्याची गोष्ट आहे, ५८,००० शब्द. सहा प्रकाशकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली. चौघांचं उत्तर नाही. एकाने ‘वाचतो’ म्हटलं, त्याला पाच महिने झाले. सहाव्याने ७२,००० रुपये मागितले, मला ३०० प्रती देणार. आयएसबीएनचे वेगळे पैसे. देऊ का? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला तू म्हणा.
— परिचारिका, सांगली

देऊ नकोस. आधी हिशेब बघ. ७२,००० भागिले ३०० म्हणजे एक प्रत तुला २४० रुपयांना पडली. किंमत ३०० ठेवलीस आणि दुकानदाराने ४० टक्के कमिशन घेतलं, तर तुझ्या हातात १८० येणार. प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे ६० रुपये तूच घालणार. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही, पण मग ते उघडपणे तसं असू दे: छपाईचा दर तू विचार, कागद तू बघ, प्रतींची मालकी तुझी. प्रकाशक म्हणवून घेणाऱ्याने लेखकाकडूनच सगळी कमाई करायची, आणि पुस्तक विकण्याची त्याला गरजच उरायची नाही, हे मला पटत नाही. आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा, १३ अंकी क्रमांक तर केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. लेखक स्वतःही अर्ज करू शकतो.

आता पाठवण्याबद्दल. नुसती पीडीएफ, तीही व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे लग्नपत्रिका आणि सुप्रभातच्या चित्रांमध्ये तुझी कादंबरी. ती उघडलीच गेली नसेल. गावातल्या वाचनालयात जा, गेल्या दोन-तीन वर्षांत आलेल्या नव्या कादंबऱ्या काढ आणि त्या कोणी काढल्या ते लिहून घे. पुस्तकांच्या शेवटी प्रकाशकाची यादी असते, ती वाच. जो फक्त पाककृती आणि स्पर्धा परीक्षा काढतो, त्याला कादंबरी पाठवून तुझे पाच महिने घालवू नकोस. अशी चार नावं निघाली तरी पुष्कळ झाली.

प्रत्येकाला एक पानाचं पत्र, एक पानाचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठव. सारांशात शेवटसुद्धा सांग. ‘पुढे काय होते ते कादंबरीतच वाचा’ असं लिहिलेले सारांश मी शेकड्यांनी पाहिले. वाचणाऱ्याला तिथे ठरवायचं असतं की लेखकाला शेवट सापडला आहे का. पत्रात ‘हृदयस्पर्शी’, ‘समाजाला दिशा देणारी’ हे नको, ते वाचणाऱ्याला म्हणू दे. तुझ्यापाशी याहून भक्कम गोष्ट आहे. सरळ लिही: ‘मी परिचारिका आहे. ही कादंबरी प्रसूतिकक्षातल्या एका पावसाळ्याची आहे. ५८,००० शब्द, डेमी आकारात अंदाजे २४० पानं. मजकूर युनिकोडमध्ये तयार आहे. माझं हे पहिलंच पुस्तक. हीच प्रकरणं आणखी तीन प्रकाशकांना पाठवली आहेत.’ शेवटचं वाक्य लिहायला नवे लेखक घाबरतात. घाबरू नकोस. आमच्याकडे दोनदा असं झालं की आम्ही वाचून, खर्चाचा अंदाज काढून होकार कळवला, आणि कादंबरी दुसरीकडे छपाईला गेलेली. राग एकाच वेळी चौघांना पाठवल्याचा नव्हता, लपवल्याचा होता.

वेळही बघ. ज्यांचा दिवाळी अंक असतो, ते जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत मान वर करत नाहीत. जूनमध्ये दुकानवाले शालेय पुस्तकांत असतात. दिवाळीनंतरचे तीन-चार महिने मला नेहमी बरे वाटत आले. छापील प्रत पाठवलीस तर पोचेची नोंद ठेव. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिसळली आहे, तेव्हा पावतीवरचा क्रमांक वहीत उतरवून घे. वहीत कोणाला, कधी, काय पाठवलं, फोनवर कोण बोललं आणि काय म्हणालं, आणि पुन्हा कधी विचारायचं, एवढं हवं. तीन महिन्यांनी एक फोन. चौथ्या महिन्यात ‘आपला निर्णय कळला नाही, मी हस्तलिखित परत घेतले असे समजावे’ असं दोन ओळींचं पत्र. ‘वाचतो’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना हे पत्र आजच पाठव. त्याने पुष्कळदा उत्तर येतं.

तुझं पहिलं पुस्तक आहे, म्हणून महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेकडेही लक्ष ठेव. मंडळ अर्जांसाठी जाहिरात देतं. आणि करार समोर आला की मुदत, प्रदेश आणि मानधन या तीन जागा रिकाम्या सोडू नकोस. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. पण कागदावर ‘कायमस्वरूपी’ असं लिहून तू सही केलीस, तर कायद्याचा हा आधार गेला. अनुवाद, ई-बुक, ऑडिओ आणि चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहून घे. छापील पुस्तक देताना बाकीचे त्यासोबत नकळत जाऊ देऊ नकोस.

एका गुजराती लेखिकेच्या १४ कथांचा मराठी अनुवाद पूर्ण केला आहे. प्रकाशक परवानगी विचारतात. ती आता घेता येईल का?
— अनुवादक, वडोदरा

घेता येईल, पण ती आधी घ्यायची असते. अनुवादाचा हक्क मूळ लेखकाचा, आणि लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं तो वारसांकडे किंवा ज्यांना दिला असेल त्यांच्याकडे राहतो. १९६४ साली निधन झालेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५ला खुलं झालं, असं हे गणित आहे. तुमची लेखिका हयात असेल तर तिला आज पत्र लिहा, कथांची नावं आणि तुमचा एक अनुवाद सोबत जोडा. कुठल्या कथा, कुठल्या भाषेत, किती वर्षांसाठी, हे परवानगीत लेखी हवं. एखादी कथा हिंदी अनुवादावरून केली असेल तर त्या हिंदी अनुवादकाचाही हक्क लागतो. ते लपवू नका.

विहिरी आणि भूजल यांवर स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढलं. ५०० प्रती, खर्च ५५,०००, किंमत २५०. दीड वर्षात घरी १४० उरल्या. बाकीच्यांपैकी पैसे आले ते जेमतेम ९० प्रतींचे. उरलेल्या कुठे आहेत, मलाच सांगता येत नाही.
— निवृत्त अभियंता, नाशिक

साहेब, २७० प्रतींचा पत्ता नाही. विहिरीतलं पाणी मोजणाऱ्या माणसाच्या घरी असं झालं, याचं मला वाईट वाटतं, कारण हे पुस्तक वाचायला हवं होतं अशा हातांत त्या गेल्या की नाही, हेही आता कळणार नाही. पण अजून पुष्कळ सापडतील.

दुकानदाराला परतीच्या बोलीवर दिलेली प्रत विकली गेली नाही तोवर तुमचीच असते. ज्या ज्या दुकानात, प्रदर्शनात, व्याख्यानाच्या टेबलावर प्रती ठेवल्या, ती ठिकाणं आठवून लिहा आणि स्वतः जा. फोनवर ‘बघतो’ एवढंच ऐकू येतं. समोर उभे राहिलात की माळ्यावरचा गठ्ठा खाली येतो. जाताना चलनबुक घेऊन जा, दहा-वीस रुपयांत मिळतं. आहेत त्या प्रती मोजा, विकलेल्यांचे पैसे मागा, आणि ठेवायच्या प्रतींचं नवं चलन करून त्यावर दुकानाचा शिक्का आणि सही घ्या: प्रती किती, कमिशन किती, हिशेब कधी. सहीशिवाय यापुढे एकही प्रत सोडायची नाही, अगदी मित्राच्या दुकानातही.

घरच्या वहीत पाच रकाने पुरे: विक्री, दुकानात, भेट, अभिप्रायार्थ, खराब. पाचांची बेरीज आणि घरातला साठा मिळून दर महिन्याच्या एक तारखेला ५०० यायलाच हव्यात. भेटीचा रकाना भरताना हात थांबेल, थांबू द्या. तुमचा खर्च प्रतीमागे ११० रुपये आहे. ४० टक्के कमिशन गेल्यावर तुम्हाला १५० मिळतात, म्हणजे दुकानातून ३६७ प्रती विकल्या तेव्हा खर्च निघतो. शेतकरी मेळाव्यात तुम्ही स्वतः पूर्ण किमतीला विकल्या तर २२० प्रतींत निघतो. तुमच्या विषयाला दुकानापेक्षा मेळावे, ग्रामपंचायती आणि कृषी महाविद्यालयं जवळची आहेत.

प्रकाशक तुम्हीच आहात, तेव्हा १९५४च्या कायद्याप्रमाणे एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे, प्रकाशनानंतर ३० दिवसांत, स्वखर्चाने पाठवायची असते. राहिलं असेल तर आता पाठवा. चार प्रती आणि टपालखर्च एवढाच भार आहे, पण साठ-सत्तर वर्षांनी नाशिकच्या विहिरींवर कुणी अभ्यास करायला बसलं तर पुस्तक तिथे मिळेल. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथयादी आणि राज्य वाङ्मय पुरस्कार यांत प्रकाशनाचं कॅलेंडर वर्ष बघतात. तुमचं वर्ष उलटलं आहे. पुढचं पुस्तक काढाल तेव्हा ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काढू नका, जानेवारीत काढा, म्हणजे अर्जाला पुरतं वर्ष मिळतं.

माझे यजमान मार्चमध्ये गेले. त्यांची तीन पुस्तकं आहेत. एक प्रकाशन बंद पडलं. आता एक जण सारखा फोन करतो, की दुसरी आवृत्ती काढतो, एका कागदावर सही करा. मला यातलं काही कळत नाही. त्यांच्या वह्याही खूप आहेत.
— बेळगाव

ताई, सही करू नका. त्या माणसाचा हेतू चांगलाही असेल, पण घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. यजमानांनी जे हक्क लिहून दिले नव्हते, ते आता तुमचे आणि मुलांचे आहेत, आणि ते ६० वर्षं राहणार आहेत. त्याला एवढंच सांगा, की किती प्रती, किंमत काय, मानधन किती टक्के आणि केव्हा, किती वर्षांसाठी, हे पत्रावर लिहून पाठवा. फोनवर काही ठरवू नका. कागदात ‘सर्व हक्क’ किंवा ‘कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले तर तो बाजूला ठेवा.

सवडीने त्यांचं कपाट उघडा. करार सापडले नाहीत तरी बँकेचं जुनं पासबुक पाहा. मानधनाचे धनादेश कोणत्या संस्थेचे, कोणत्या वर्षी जमा झाले ते त्यात असतं, आणि त्यावरून बरंच काही उलगडतं. तिन्ही पुस्तकांच्या प्रत्येकी दोन प्रती वेगळ्या काढून ठेवा, त्या मागायला आलेल्या कुणालाही देऊ नका. पुढच्या आवृत्तीची अक्षरजुळणी त्यांवरूनच करावी लागेल. त्यांनी एखाद्या प्रतीत पेनाने दुरुस्त्या केल्या असतील, लेखक करतातच, तर ती प्रत सगळ्यांत मोलाची.

वह्या रद्दीत जाऊ देऊ नका, आणि लगेच वाचायलाही बसू नका, त्रास होईल. मुलाला किंवा भाचीला सांगून प्रत्येक वहीवर क्रमांक घाला आणि पहिल्या व शेवटच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मासिकाच्या पत्त्यावर मला फक्त ते फोटो आणि सापडलेल्या करारांच्या झेरॉक्स पाठवा, मूळ कागद नकोत. आवकवहीत तुमचं पत्र १९व्या क्रमांकावर आहे. मी वाचून तुम्हाला घरी लिहीन.